सकाळी ठाणे, दुपारी भाट्ये: रेल्वेने एका दिवसात रत्नागिरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मूळची रत्नागिरीची, संसार डोंबिवलीत. दिवाळी आटोपली की ऑफिस, सोसायटी आणि सासरची मंडळी यांच्याकडून मला तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं.

मुंबईहून रत्नागिरी एका दिवसात जाऊन येणं खरंच जमतं का?

जमतं, पण पावसाळा सोडून आणि वंदे भारतने. ती पहाटे साडेपाचच्या आसपास सीएसएमटीहून सुटते. दादर, ठाणे, पनवेल घेत खेडला थांबते आणि पावणेदहा-दहाला रत्नागिरीत सोडते. तीच गाडी मडगावहून परत फिरते आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला रत्नागिरीत येते. म्हणजे गावात साडेसात-आठ तास मिळतात आणि रात्री साडेदहापर्यंत मुंबई. आठवड्यातून एक दिवस तिची सुट्टी असते. वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आदल्या रात्री, असं दोनदा बघा.

जनशताब्दी आणि तेजसही पहाटेच निघतात. जाताना त्या चालतील, पण परतीला घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते. मांडवी एक्स्प्रेस सकाळी निघते आणि दुपारी पोचते, म्हणून एका दिवसाच्या हिशेबात ती बसत नाही. वाईट वाटतं, कारण खाण्याच्या बाबतीत तिच्यासारखी गाडी नाही. डब्यातून सारखं काही ना काही गरम फिरत असतं.

कोकण रेल्वे म्हणजे खिडकीतून समुद्र दिसणार ना?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणसं वीर स्टेशनपर्यंत डोळे फाडून बाहेर बघतात आणि मग माझ्यावर चिडतात. महाराष्ट्रात हा मार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या कुशीतून जातो. समुद्र बघायचा तर स्टेशनवर उतरून रिक्षाच करावी लागते. गाडीतून दिसतात त्या नद्या: सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री. भरती असेल तर पाणी काठाला टेकलेलं, ओहोटी असेल तर चिखलात बगळे.

बाकी खिडकीत भातशेतीच्या कुणग्या, कौलारू घरं, चिरेखाणी. जांभा दगड कापून काढलेल्या त्या खाणी लांबून लाल पायऱ्यांच्या विहिरीसारख्या दिसतात. कापलेले चिरे बाजूला रचून ठेवलेले असतात. आमच्याकडची बहुतेक जुनी घरं त्याच दगडाची.

नशिबात असेल तर शेजारच्या रुळावर रो-रो उभी दिसेल: मालगाडीच्या सपाट डब्यांवर ओळीने चढवलेले भरलेले ट्रक, आणि ट्रकच्या केबिनमध्ये पाय पसरून झोपलेले ड्रायव्हर. ही सेवा १९९९ पासून चालू आहे. मुलांना ती गंमत समुद्रापेक्षा जास्त लक्षात राहते.

कुठल्या बाजूला बसावं?

जाताना डावीकडे सह्याद्री. परतीला बाजू उलटी, पण पनवेलच्या बऱ्याच आधी काळोख पडलेला असतो. एकच खिडकी मिळणार असेल तर जातानाची मागा.

बोगदे किती? मुलं घाबरतील का?

रोह्यापासून मंगळूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल आहेत. रत्नागिरीपर्यंत त्यातले बरेच येऊन जातात. सगळ्यात मोठा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर. उक्षी स्टेशन सुटलं की लागतो आणि संपला की भोके स्टेशन. गाडी शंभरच्या वेगात असेल तर आत चार मिनिटं जातात.

ती चार मिनिटं मला फार आवडतात. आधी कानात दडे बसल्यासारखं होतं. मोबाइलचं नेटवर्क जातं, त्यामुळे जो तो मान वर करतो. खिडकीची काच काळी होते आणि तिच्यात आपलाच डबा दिसायला लागतो: समोरच्या आजोबांचा चष्मा, कुणाच्या हातातला अर्धा खाल्लेला वडा, स्वतःचा झोपाळू चेहरा. गेल्या वेळी शेजारच्या पोरीने मोठ्याने आकडे मोजायला घेतले, दोनशेच्या पुढे गेल्यावर पेंगली आणि उजेड आला तेव्हा कुठवर आलो ते विसरली. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा सुरू होईपर्यंत रेल्वेचा देशातला सर्वांत लांब बोगदा हाच होता.

पानवलचा तो उंच पूल दिसेल का?

रत्नागिरीला उतरलात तर नाही. तो रत्नागिरीच्या पुढे, निवसरच्या बाजूला आहे. ६४ मीटर उंच. त्यासाठी पुढचं तिकीट काढावं लागेल आणि मग समुद्र राहील.

एवढी सोयीची रेल्वे इतक्या उशिरा का आली?

हा प्रश्न आमच्या आजीचाही होता. ती मुंबईला आगबोटीने गेलेली बाई. मांडवीच्या बंदरातून होडीत बसायचं, होडी हलत हलत बोटीपर्यंत न्यायची आणि मग वर चढायचं. उलटी न होता चढला तो माणूस शूर. त्यानंतर आमच्या पिढीला एसटीची रातराणी: घाटातली वळणं, पोलादपूरचा चहा, सकाळी अंग आंबलेलं.

डोंगर, नद्या, भुसभुशीत माती आणि तुफान पाऊस यांतून रूळ न्यायचे म्हणजे खर्च अफाट, म्हणून रोह्याच्या खाली कुणी हात घालत नव्हतं. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि अर्थखातं मधू दंडवतेंकडे होतं. दंडवते राजापूरचे खासदार, त्यामुळे हा विषय त्यांना दिल्लीत समजून घ्यावा लागला नाही. काम उभं केलं अभियंते ई. श्रीधरन यांनी. १९९८ च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग सुरू झाला. आजी तोवर थकली होती. तरी एकदा बसली आणि म्हणाली, ‘ह्यात काय, पोटात ढवळतसुद्धा नाही.’

स्टेशन गावातच आहे का?

नाही. स्टेशन कुवारबावला, गाव तिथून पाच-सहा किलोमीटर खाली. बाहेर रिक्षा भरपूर असतात. मीटरच्या भानगडीत न पडता बसण्याआधी भाडं ठरवा. चौघं असाल तर अर्ध्या दिवसासाठी एकच रिक्षा ठरवणं सोयीचं: स्टेशन, गावातल्या जागा, समुद्र आणि परत स्टेशन. शहरी बसही आहे, पण तिची वाट बघण्यात तुमच्या आठ तासांतला एक जातो. वाटेत साळवी स्टॉप आणि मारुती मंदिर ही नावं ऐकाल. पत्ता सांगताना रत्नागिरीकर सगळं जग या दोन ठिकाणांपासून मोजतात.

आठ तासांत काय बघावं? क्रम काय?

माझा क्रम ठरलेला आहे. सकाळी थिबा पॅलेस, मग टिळक जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर, मग जेवण, उन्हं कलली की भाट्याचा किनारा, आणि पाचच्या ठोक्याला रिक्षात. यात काही घालायचं असेल तर काहीतरी काढा. मंडळी रत्नदुर्ग, मत्स्यालय, गणपतीपुळे आणि पावस अशी चार नावं लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतात आणि संध्याकाळी त्यांना रिक्षाचं सीट तेवढं आठवतं.

सोमवारी जाऊ नका. थिबा पॅलेसमधलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

थिबा पॅलेसमध्ये बघण्यासारखं काय आहे? ऐकलं की आत फारसं काही नाही.

वस्तू बघायला जाल तर खरंच फार काही नाही. आत शिरल्यावर बऱ्याच लोकांचा पहिला शब्द ‘एवढंच?’ असा असतो. पण गोष्ट माहीत असेल तर तोच वाडा वेगळा दिसतो.

थिबा हा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी राणी सुपयालत आणि लहान मुलींसह त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. का रत्नागिरी? कारण तेव्हा इथून पळून जायला ना धड रस्ता, ना रेल्वे. समोर समुद्र, मागे सह्याद्री. हा वाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे राजाची पंचवीसएक वर्षं तोवर साहेबांच्या जुन्या बंगल्यांत गेली होती. नव्या घरात तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये गेला. त्याची कबर गावातच, शिवाजीनगर भागात आहे.

वाडा लाल विटांचा, उतरत्या छपरांचा, खिडक्यांवर अर्धवर्तुळाकार लाकडी काम. वरच्या मजल्यावरून खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. मी कुणाला घेऊन गेले की तिथे जरा उभं करते. तीस वर्षं रोज हेच पाणी बघायचं आणि आपलं गाव त्याच्या भलत्याच बाजूला, देश ओलांडून पलीकडे. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेऊन ठेवला, तिथेच गेला. आणि रंगूनच्या बाजूचा राजा आमच्याकडे. इंग्रजांची ही अदलाबदल शाळेत कुणी नीट शिकवली नव्हती.

राजाचं कुटुंब १९१९ मध्ये मायदेशी परतलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली. तिची मुलगी टुटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून पुरती रत्नागिरीकर झाली. जुन्या पिढीतले लोक तिच्याबद्दल अजून बोलतात, आणि राजघराण्यातली म्हणून नाही, ओळखीतली बाई म्हणून.

टिळकांचं घर आणि पतितपावन मंदिर किती वेळ घेतात?

दोन्ही मिळून तासभर. टिळक आळीतलं कौलारू घर जांभ्याचं, थंडगार. २३ जुलै १८५६ चा त्यांचा जन्म इथला. टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव, त्यामुळे दापोलीकर आणि रत्नागिरीकर यांच्यात अधूनमधून प्रेमाची खडाखडी होते. टिळक दहाएक वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेलं. घराची ओसरी आणि मागचं अंगण बघा. जुनं कोकणी घर आतून कसं असायचं ते पुस्तकापेक्षा इथे पटकन कळतं.

पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सर्व जातींना आत प्रवेश असलेलं देऊळ हवं हा त्यांचा आग्रह, आणि ते बांधून दिलं भागोजीशेठ कीर यांनी. देऊळ दिसायला साधं आहे. त्या काळी गाभाऱ्यापर्यंत कुणाला जाता येत होतं आणि कुणाला नाही, हे मनात धरून आत जा.

समुद्र कुठला? मांडवी की भाट्ये?

मांडवी गावाला लागून आहे, वाळू काळी. संध्याकाळी अख्खं गाव तिथे भेळ खायला येतं. बसायला छान. भाट्ये खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच. लांबलचक सरळ किनारा, कडेने सुरूचं बन, आणि पार टोकाला झरी विनायक. एकाच दिवसासाठी आलात तर भाट्ये.

सुरूच्या बनात चप्पल काढू नका. खाली बारीक काटेरी फळं पडलेली असतात, तळव्यात घुसतात. बन संपलं की मग खुशाल अनवाणी. ओहोटीला ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढलेली असते. पाऊल टाकलं की शंभर खेकडे एका क्षणात बिळात. मुलांना घेऊन तिथे पाऊण तास सहज जातो आणि खर्च शून्य.

खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली ओढ असते. इथलं पोरगंसुद्धा तिथे पोहत नाही आणि तुमच्या तरणतलावातल्या पदकांचं खाडीला काही वाटत नाही.

सूर्यास्त मिळेल का?

संध्याकाळच्या गाडीने परतणार असाल तर नाही. सूर्य बुडताना तुम्ही गाडीत, आणि बहुधा बोगद्यात. सूर्यास्त हवाच असेल तर परतीचं आरक्षण रात्रीच्या कोकणकन्येचं करा. मांडवीवर निवांत सूर्य बुडवा, जेवा आणि स्लीपरमध्ये झोपा, पहाटे ठाणे. दुसऱ्या दिवशी रजा असेल तर मी स्वतः हेच करते.

गणपतीपुळे त्यात बसतं का?

बसवता येतं, पण मग रत्नागिरी गाव सोडा. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटर. हा रस्ता मात्र अप्रतिम आहे. एका वळणावर गाडी वर चढते आणि खाली दोन किनारे एकदम उघडे पडतात. पुळ्याला देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची असते, ती किलोमीटरभराची. संकष्टी आणि अंगारकीला गर्दी इतकी की दर्शनातच दिवस जातो.

पुळ्याच्या शेजारचं मालगुंड हे केशवसुतांचं गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. दादरहून सावंतवाडीला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसचं नाव त्यांच्याच कवितेवरून ठेवलंय. रात्री बाराला दादरला त्या गाडीत शिरताना धक्के खाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

त्याच दिवशी मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला?

नको. वंदे भारत कणकवलीला थांबते, हे खरं. पण तिथून मालवण रस्त्याने तासाभराच्या वर, मग होडीची रांग, मग किल्ला, आणि परतीची गाडी दुपारीच. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर पाया घातलेला हा जलदुर्ग, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारशात घेतली, त्यात हाही आहे. असा किल्ला घड्याळाकडे बघत बघायचा नसतो. कुडाळचं तिकीट काढा आणि एक रात्र मालवणात राहा.

जेवायचं काय आणि कुठे?

हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण दर वर्षी आचारी बदलतात. दुपारी एकच्या आत शिरा, नंतर चांगले मासे संपतात. ताटात काय मागायचं ते मात्र सांगते. सुरमई सगळेच मागतात, तुम्ही बांगडा मागा. स्वस्त आणि ताजा मिळण्याची शक्यता जास्त. तांदळाची भाकरी, तिसऱ्या (शिंपल्या) असतील तर त्यांचं सुकं, आणि सोलकढी. सोलकढी रंगाने फार गडद गुलाबी असली तर एक घोट घेऊन बघा. कोकमाचा आगळ आणि नारळाचं दूध यांचा रंग मवाळ असतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा पाटीवर ‘ताजे मासे’ लिहिलेलं दिसलं तर हसून शाकाहारी थाळी घ्या. घावणे, कुळथाची पिठी, वालाची उसळ, ऋषिपंचमी जवळ असेल तर ऋषीची भाजी. शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात हा गैरसमज आहे.

पावसाळ्यात जावं का? म्हणे तेव्हा सर्वांत सुंदर असतं.

सुंदर असतंच. उक्षीजवळ रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो, तेव्हा डब्यातली सगळी माणसं एका बाजूला. पण साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वंदे भारतही कमी दिवस धावते. गावात मिळणारे आठ तास मग चार-पाचवर येतात. दरड आली तर तेवढेही नाहीत. रात्रंदिवस रुळांवरून पायी गस्त घालणारे ट्रॅकमन तुम्हाला खिडकीतून दिसतील, खांद्यावर सामान, अंगावर रेनकोट. तुमची गाडी सुखरूप पोचते ती त्यांच्या पायांवर. पावसाळ्यात या, पण मुक्कामाला या.

तिकीट कधी काढायचं?

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. डिसेंबरचे शनिवार-रविवार पहिल्या दिवशीच बघा. गणपतीत आणि मे महिन्यात या सहलीचा विचारच करू नका. त्या दिवसांतली प्रत्येक जागा गावी जाणाऱ्या चाकरमान्याची असते आणि ती त्याला मिळू द्यावी. जायचं आणि यायचं तिकीट एकाच बैठकीत काढा, आणि आधी यायचं.

वयस्कर आईवडिलांना झेपेल?

पॅलेस, टिळकांचं घर, भाट्ये: हो. रत्नदुर्गावर चढ आहे, तो सोडा. पहाटे साडेतीनला उठणं हाच खरा त्रास.

येताना काय आणावं?

कोकमाचा आगळ, काजू, फणसपोळी. एप्रिल-मे सोडून कुणी ‘रत्नागिरी हापूस’ देऊ लागला तर पैसे खिशातच ठेवा.

परतीची गाडी चुकली तर?

चुकते. माझीच चुकली आहे. दिल्लीची नणंद बरोबर होती आणि तिला भाट्याहून निघवेना. मीही म्हटलं, पंधरा मिनिटांत काय होतंय. मारुती मंदिराला रिक्षा अडकली, साळवी स्टॉपला पुन्हा अडकली, आणि स्टेशनच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा गाडीचे मागचे दिवे भोक्याच्या दिशेने जाताना दिसले. चुकलेल्या गाडीचे पैसे बुडाले. रात्रीच्या गाडीचं साधं तिकीट काढलं, तोवर चार तास फलाटावर बसून आणलेली फणसपोळी संपवली. जनरल डब्यात एका बाईंनी सरकून जागा दिली, तीही अर्धीच. पहाटे ठाण्याला उतरले, घरी जाण्याइतका वेळ नव्हता, तशीच ऑफिसला गेले. लिफ्टमध्ये साहेबांनी खाली बघितलं तेव्हा कळलं, चपलांतून वाळू सांडत होती.